रजेचा आठवडा

नाताळचा सण आटोपल्यानंतरच्या एका रविवारी, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपल्याच धर्मग्रामातील एक तरुण शिक्षिका भेटली. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागून तिला चार वर्षे झाली आहेत. हातात नवे कॅलेंडर होते आणि मार्च-एप्रिलच्या पानांवर पेनाने गोल केलेले होते. म्हणाली, "सर, होळी, गुढी पाडवा, रामनवमी, गुड फ्रायडे. यांच्या मध्ये दोन-तीन किरकोळ रजा टाकल्या की सलग आठ दिवस मिळतात. आतापासूनच ठरवते आहे. माझी आतेबहीण अमेरिकेत शाळेत शिकवते, तिला त्याच दिवसांत आठवडाभर वसंताची सुट्टी मिळते. स्प्रिंग ब्रेक म्हणतात. आपल्याला ती अशी सुट्टीला सुट्टी जोडून करावी लागते. पण परीक्षा तोंडावर असतात. यात काही चूक तर नाही ना?"

मी तिला तिथल्या तिथे उत्तर दिले, "चूक कसली? हक्काची रजा आहे, खुशाल जा."

घरी आलो, जेवलो, आणि दुपारी आडवा झालो तेव्हा ते उत्तर मला टोचू लागले. उत्तर खोटे नव्हते. पण तेच उत्तर २००८ साली मी स्वतःला दिले होते, आणि त्याचे पुढे काय झाले ते मी तिला सांगितले नव्हते. फादर पुष्कळ दिवसांपासून या पत्रकासाठी काही लिहा म्हणत होते. म्हणून हे लिहीत आहे. आपल्या चर्चमध्ये दर रविवारी बाकांवर निदान दहा-बारा शिक्षक-शिक्षिका बसलेल्या असतात. प्रश्न त्या सर्वांचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. "मास्तरांना काय, सुट्ट्याच सुट्ट्या!" हे वाक्य आम्ही आयुष्यभर ऐकले. वर्षभरातल्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत असा आपल्याकडे दंडक आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे असे ठरवले आहे, आणि शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा मानला आहे. त्या ४५ तासांत पाठाची तयारीही धरली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बाकी सुट्टी कागदावर दिसते तेवढी हातात येत नाही. २०१० च्या मे महिन्यात आम्ही जनगणनेच्या घरयादीचे कागद घेऊन उन्हातून दारोदार फिरलो. २०२४ साली यवतमाळ-वाशीममध्ये लोकसभेचे मतदान २६ एप्रिलला होते, तेव्हाही मतदान केंद्रांवर शिक्षकच बसले होते. २०२५ मध्ये राज्यभर एकच वेळापत्रक करून परीक्षा ८ ते २५ एप्रिलपर्यंत नेल्या. विदर्भातल्या उन्हात ते दिवस काय असतात हे ज्याने पत्र्याच्या खोलीत वर्ग घेतला आहे त्यालाच कळेल. तेव्हा शिक्षकाने विसाव्याचे दिवस आधीपासून शोधून ठेवले तर मी त्याला आळशी म्हणणार नाही. थकलेला शिक्षक मुलांवर खेकसतो, आणि त्याची किंमत मुलेच मोजतात.

आता माझी गोष्ट. माझ्या नोकरीची मधली काही वर्षे वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात गेली. पोहरादेवी याच तालुक्यात आहे. बंजारा समाजाची ती काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर तिथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून माणसे लोटतात. आता तिथे नगाऱ्याच्या आकाराचे मोठे संग्रहालयही झाले आहे. ५ ऑक्टोबर २०२४ ला त्याचे उद्घाटन झाले. आमच्या वेळी तसे काही नव्हते. यात्रेचे चार दिवस सोडले तर ते एक शांत गाव होते, आणि आजूबाजूच्या माळावर तांडे पसरलेले. अशाच एका तांड्यावरच्या शाळेत आम्ही दोघे शिक्षक. चार वर्ग, दोन खोल्या. दोन वर्ग त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे.

तांड्याचे वर्ष सरकारी कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, हे मला तिथे जाऊन कळले. दिवाळी झाली की बरीच कुटुंबे कामाला बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईकडे बांधकामावर. मुले बरोबर जातात. वर्गातली रांग अर्धी होते. मग होळी येते. होळी हा बंजाऱ्यांचा फार मोठा सण. लेंगी गातात, रात्ररात्र नाचतात, आणि दूर गेलेला माणूस शक्यतो होळीला तांड्यावर येतोच. काही येऊन राहतात, काही आठ दिवस राहून पुन्हा कामावर जातात. त्यानंतर रामनवमी. यात्रेला मुले आई-बापांबरोबर जातात, तेव्हा शाळा उघडी असली तरी ओसच असते. म्हणजे तांड्याला वसंताची सुट्टी आहेच, फक्त ती शिक्षण विभागाच्या यादीत नाही. मी हजेरीपटावर त्या दिवसांत ओळीने गैरहजेरी मांडत असे आणि मनातल्या मनात त्या लोकांना नावे ठेवत असे. यांना शिक्षणाची किंमत नाही, वगैरे. जवळच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तांड्यावरून निघून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते, हे मी मुलांना दर महिन्याला एकदा तरी सांगत असे. सांगताना माझा आवाजही चढत असे.

२००८ साली ईस्टर फार लवकर आला. २३ मार्चला. आपल्यापैकी कित्येकांना आठवत असेल, त्या वर्षी २१ तारखेला गुड फ्रायडे, २२ ला धुळवड आणि २३ ला पास्काचा रविवार असे सगळे एकाला एक लागून आले होते. रामनवमी मात्र थेट १४ एप्रिलला. मी जानेवारीतच कॅलेंडर पुढे घेऊन बसलो. आमच्या या शिक्षिकेसारखेच गोल केले. सोमवार २४ पासून शनिवार २९ पर्यंत सहा दिवस रजा टाकायची, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावी सगळा पवित्र आठवडा नाही तरी गुड फ्रायडेपासून पुढचे नऊ दिवस मिळतात. आई थकली होती. तीन वर्षांत ईस्टरला मी घरी गेलो नव्हतो.

नियोजनात मी कुठे कमी पडलो नाही. अर्ज पंधरा दिवस आधी दिला. अभ्यासक्रम फेब्रुवारीअखेर जवळजवळ संपवला. खरे सांगायचे तर जरा पळवलाच. माझ्या दोन वर्गांसाठी रोजचे काम तारीखवार लिहून सहकाऱ्यांच्या हाती दिले. शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजून ठेवला, वही पूर्ण केली. सहकारी म्हणाले, "निर्धास्त जा." आणि मी निर्धास्त गेलो. गावी ईस्टरच्या पहाटेची मिस्सा, आईच्या हातचे जेवण, जुने मित्र. खोटे का बोलू, फार चांगले दिवस गेले.

३१ मार्चला शाळेत आलो. माझ्या यादीतली सगळी कामे झालेली होती, एकेक खूण करून. सहकाऱ्यांनी सहज सांगितले, "मंगळवारी एक म्हातारी आली होती. नातवाला घेऊन."

तो मुलगा माझ्याच तिसरीच्या वर्गातला. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर पुण्याकडे बांधकामावर गेलेला. होळीला सगळे तांड्यावर आले होते. आजीच्या मनात होते की पोराला आता आपल्याजवळ ठेवून घ्यावे, शाळेत बसवावे. पाच महिने बुडाले होते. परीक्षेला बसू देतील का, वरच्या वर्गात घालतील का, हे विचारायला ती आली होती. फेटिया-काचळी घातलेली, हातात पांढऱ्या बांगड्या, ती बाई शाळेच्या पायरीवर मी पुष्कळदा पाहिली होती. सहकारी बिचारे चार वर्ग एकटे सांभाळत होते. शिवाय मुलगा माझ्या वर्गाचा. ते म्हणाले, "सर येऊ द्या. सोमवारी या." यात त्यांचे काय चुकले? मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो.

शनिवारी त्याचे आई-बाप पुन्हा कामावर गेले. सोमवारचा भरवसा नाही म्हणून मुलालाही घेऊन गेले. मी त्या दिवशी शाळा सुटल्यावर तांड्यावर गेलो. म्हातारी बाजेवर बसली होती. रागावली नाही. "तुमचा सण होता ना, गुरुजी," एवढेच म्हणाली. तो मुलगा माझ्या वर्गात परत आला नाही. पुढे शिकला की नाही, मला माहीत नाही.

आता प्रश्न असा. यात माझे काय चुकले? नियमाने पाहिले तर काहीच नाही. रजा माझी होती, मंजूर होती, काम लावून दिले होते. देवाच्या सणाला, म्हाताऱ्या आईकडे गेलो होतो. याहून चांगले कारण कोणते? मी पापनिवेदनात हे सांगितले तेव्हा धर्मगुरूंनाही ते पाप वाटले नाही, आणि त्यांचे बरोबर होते असेच मला वाटते. तरीही मन मानेना. मनाला नुसती हळहळ झाली होती की त्याला काही खरे दिसले होते, हे ठरवायला मला काही वर्षे लागली.

माझी पत्नी म्हणाली, "अहो, तुम्ही इथे असता तरी तो टिकला असताच कशावरून? आजीच्या बोलण्याने बाप ऐकला असता का?" खरे आहे. कदाचित नसता ऐकला. पण हे उत्तर मला पटत नाही, कारण परिणाम काय झाला असता हा माझा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता की जानेवारीत कॅलेंडर पुढे घेऊन बसलो तेव्हा मी काय काय पाहिले आणि काय पाहिले नाही. मी तारखा पाहिल्या. एसटीच्या वेळा पाहिल्या. अभ्यासक्रमाची पाने पाहिली. होळीला तांडा परत येतो हे मला ठाऊक होते, पाच वर्षे मी तेच पाहत होतो. पाच महिने बाहेर असलेली मुले शाळेच्या दारात येण्याची शक्यता वर्षात ज्या एका आठवड्यात सर्वांत जास्त, नेमका तोच आठवडा मी घेतला होता. का? कारण तो माझ्या सुट्ट्यांना चिकटून होता, आणि कारण वर्ग तेव्हा अर्धाच भरलेला असतो, म्हणून "फारसे नुकसान नाही" असे मी धरले होते. जी मुले बाकावर नव्हती ती माझ्या हिशोबातच नव्हती. अज्ञानाने चूक झाली असती तर मी स्वतःला माफ केले असते. हे अज्ञान नव्हते.

जुन्या करारात मान्नाची गोष्ट आहे ती आपण सर्वांनी ऐकली आहे. रानात रोज पुरेल तेवढेच गोळा करायचे, साठवले तर त्यात किडे पडत. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचे, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेता येईल. मला ही गोष्ट शिक्षकांसाठीच लिहिली आहे असे वाटते. विसाव्याची तयारी आधीपासून करणे म्हणजे देवावर अविश्वास नव्हे, ती त्याचीच आज्ञा होती. म्हणून आगाऊ नियोजन करणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र अनुवादाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा पुन्हा येते तेव्हा ती फक्त घरच्या धन्याला उद्देशून नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांची नावे घेऊन सांगितले आहे की त्यांनाही विसावा मिळाला पाहिजे. म्हणजे माझ्या विसाव्याचा भार कुणावर पडतो हे बघणे हा विसाव्याचाच भाग आहे. वेशीच्या आतला परका! माझ्या शाळेच्या वेशीत तो कोण होता हे वेगळे सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, मग शिक्षकाने कधी रजाच घेऊ नये काय? कुणावर तरी भार पडणारच. मार्काच्या शुभवर्तमानातही, प्रेषित दमले म्हणून प्रभू त्यांना एकांतात विसाव्याला घेऊन निघतो, आणि नाव किनाऱ्याला लागते तो लोक आधीच तिथे पोहोचलेले असतात. त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवू लागतो. हा उतारा अनेकदा शिक्षकदिनी आम्हाला ऐकवला जातो, जणू सुट्टी सोडणारा तोच खरा गुरू. मला हा अर्थ ओढूनताणून काढलेला वाटतो. विसाव्याला चला असे म्हणणाराही तोच होता हे आपण सोयीने विसरतो. आणि लोकांना शिकवून, जेवू घालून झाल्यावर तो स्वतः डोंगरावर एकटा गेलाच. त्याने विसावा रद्द केला नाही, पुढे ढकलला. समोर कोण आहे ते पाहून ढकलला. एवढेच मला त्यातून घ्यावेसे वाटते.

आणखी एक गोष्ट सांगतो, मग माझ्या शाळेकडे परत येतो. सुट्टी या शब्दाचा अर्थ शिक्षकाच्या घरी एक आणि मुलाच्या घरी दुसरा असू शकतो. शाळा बंद म्हणजे दुपारची खिचडी बंद. २० एप्रिल २००४ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना मध्यान्ह भोजन द्यावे असे सांगितले. न्यायाधीशांना दिल्लीत बसून जे दिसले ते मला माझ्या वर्गात बसून दिसायला वेळ लागला. एका मुलीने मे महिन्याच्या आधी विचारले होते, "गुरुजी, सुट्टीत किती दिवस असतात?" मी कौतुकाने दिवस मोजून सांगितले. विदर्भात शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा आकडा मोठाच होता. मला वाटले ती खूश होईल. ती गप्प झाली. धाकटी दोन भावंडे सुट्टीभर तिच्याच कडेवर असणार होती, हे मला नंतर कळले. आणि मी वर तिला रोज एक पान शुद्धलेखन दिले होते. सुट्टीचा गृहपाठ हा पुष्कळदा मुलांसाठी नसतो, आपल्या मनाच्या समाधानासाठी असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्येष्ठ शिक्षकांनी रागावू नये.

२००९ पासून मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर एक वेगळी यादी ठेवू लागलो. दिवाळीपूर्वी कोण कुठे जाणार, होळीला कोण येणार, कोण राहणार, घरी आजी-आजोबा आहेत का. नायकाकडे जाऊन बसले की अर्ध्या तासात सगळे कळते. पाच वर्षे मी ते अर्ध्या तासाचे काम केले नव्हते. होळीनंतरचा आठवडा मी रजा घेणे बंद केले आणि त्याऐवजी यात्रेच्या दिवसांत रजा टाकू लागलो, जेव्हा तांडा स्वतःच पोहरादेवीला गेलेला असे. सहकाऱ्यांनाही ते सोयीचे झाले. काही वर्षी त्यामुळे माझा ईस्टर चुकला. २०१० साली आईच्या आजारपणात मात्र मी होळीनंतरच गेलो, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटले नाही, कारण त्या वेळी कोण येणार हे मला माहीत होते आणि सहकाऱ्यांच्या हातात मी कामाची यादी न देता मुलांची नावे दिली होती. "हा आला तर लगेच बसवून घ्या, माझी वाट पाहू नका." १ एप्रिल २०१० पासून तर कायद्यानेच तसे बंधन आले. मूल वर्षात केव्हाही आले तरी वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे. पुढे स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आले, ठिकठिकाणी हंगामी वसतिगृहे निघाली. चांगली कामे आहेत. पण म्हातारी पायरीवर येते तेव्हा "या, बसा" म्हणायला तिथे कुणीतरी माणूसच लागतो.

त्या यादीमुळे सगळी मुले राहिली असे नाही. काही राहिली, काही गेली. एके वर्षी होळीनंतरचा सबंध आठवडा मी थांबलो आणि एकही मूल आले नाही. त्या शुक्रवारी मला माझाच राग आला होता. उगीच गावी गेलो नाही म्हणून.

हे सगळे मी परवा फोन करून त्या शिक्षिकेला सांगितले. तिची शाळा तांड्यावरची नाही, पण तिच्या वर्गातही वीटभट्टीवर जाणाऱ्यांची मुले आहेत असे तिच्या बोलण्यातून कळले. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे जाऊ की नको, सर?"

मी विचारले, "होळीला तुझ्या वर्गातली कोणकोण गावी येणार आहेत?"

थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "तीन नावं आठवतात. बाकीची उद्या विचारून सांगते." रजेचा अर्ज तिने अजून दिलेला नाही.